वन्सं सीमा ओलांडतात

टोकियोत लाल दिव्याला सगळ्यात जास्त मान देणारी व्यक्ती जपानी नाही, ती माझी मोठी नणंद आहे. रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा असतो, दूरवर एक सायकलसुद्धा दिसत नसते, निशी-कसाई भागातले पिकल्या केसांचे जपानी आजोबा इकडेतिकडे बघून हळूच पलीकडे सटकतात, आणि आमच्या वन्सं हातात मेथीच्या जुड्या घेऊन फुटपाथच्या कडेला ध्वजवंदनाला उभं राहावं तशा उभ्या असतात. "वन्सं, कुणीच नाहीये हो, चला ना," असं मी एकदा म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "दिवा आहे ना," एवढंच म्हणाल्या. दिवा म्हणजे जणू घरातलं कुणी वडीलधारं माणूस, आणि त्याच्यासमोर मी पाय पसरून बसले होते!

त्या ओजिमात राहतात, सरकारी वसाहतीच्या नवव्या मजल्यावर. त्यांच्या इमारतीतला कचरा बघायला मी पाहुण्यांना घेऊन जाते, इतका तो देखणा असतो. दह्याचे डबे धुतलेले, दुधाची खोकी कापून, वाळवून, सुतळीनं बांधलेली, बाटल्यांची झाकणं वेगळी. दुसऱ्या कुणी झाकण न काढता बाटली टाकली असेल तर वन्सं ती उचलतात, झाकण काढतात आणि बाटलीला म्हणतात, "तुझी काय चूक त्यात." दुकानातल्या पैसे घेणाऱ्या यंत्रानं "आभारी आहोत" म्हटलं की कमरेत वाकून त्यालाही नमस्कार करतात. लग्न होऊन नवऱ्याच्या मागोमाग इथे आल्या तेव्हा त्यांच्याकडे रसायनशास्त्राची पदवी होती आणि जपानीतला एकही शब्द नव्हता. आधी कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, अर्धवेळ काम केलं, मग भाषा शिकल्या, आणि आता एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आहेत. तिथले प्राध्यापक नवीन विद्यार्थी आला की त्याला सुरक्षेचे नियम वाचायला देत नाहीत. सरळ वन्संच्या शेजारच्या टेबलावर बसवतात.

अशा बाईनं पन्नाशी उलटल्यावर मोटरसायकल शिकायचं ठरवलं, तेव्हा आमच्या घरात चहाचा कप हवेतच थांबला. त्यांचे यजमान तोयोसूच्या एका कंपनीत संगणकाचं काम करतात आणि घरात फारसं बोलत नाहीत. ते फक्त "बरं" म्हणाले. मुलगी जपानीतून ओरडली, "आबुनाई!" म्हणजे धोक्याचं आहे. वन्संनी तिला मराठीतून उत्तर दिलं, "धोक्याचं आहे म्हणून तर शाळेत जाऊन शिकतेय." त्या शाळेत पहिल्या दिवशी शिकवणाऱ्यांनी आडवी पडलेली मोटरसायकल दाखवली आणि ही उचला, मग पुढचं बोलू, असं सांगितलं. वन्संची उंची माझ्या कानाएवढी. त्यांनी पदर खोचावा तसा जाकिटाचा घेर खोचला, गाडीला "चल बाई, ऊठ" म्हणाल्या आणि उचलली. जमिनीपासून वीतभर उंच अशा अरुंद फळीवरून गाडी न्यायची परीक्षा मात्र त्यांना भारी पडली. तिच्यावरून मुद्दाम हळू जायचं असतं. जोरात गेलं तर नापास, हळू गेलं तर तोल जातो. वन्सं पडल्या, उठल्या, परत पडल्या. सगळा वसंत त्यांच्या गुडघ्याला आयोडेक्सचा वास होता. लायसन मिळालं त्या दिवशी शाळेतले सगळे शिक्षक बाहेर येऊन टाळ्या वाजवत उभे होते, आणि वन्सं रिकाम्या मैदानात गाडी ढकलत नेतानाही वळायच्या आधी दिवा दाखवत होत्या.

पहिल्या मोठ्या सुट्टीत त्या एकट्या होक्काइदो बेटाच्या उत्तर टोकाला गेल्या. तिथून फोन आला. मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"अगं, रस्ता संपला."

"म्हणजे?"

"म्हणजे पुढे समुद्र. आणि खेकडे विकणारा एक माणूस. पलीकडे दुसरा देश दिसतो म्हणे, मला ढग दिसतायत."

आवाजात अशी काही तक्रार होती, की जणू कुणीतरी त्यांना फसवलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्या दक्षिणेला गेल्या, तिकडेही समुद्रच निघाला. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसलं की एकदा तरी जमिनीवरून, आपल्या हातानं गाडी चालवत, एका देशातून दुसऱ्या देशात जायचं. रस्ता संपायला नको, देश संपायला हवा. जपानात राहणाऱ्या माणसानं धरायला याहून अडचणीचा हट्ट मिळणार नाही.

मला ही नेहमीसारखी एक लहर वाटली होती. खरं कारण एका रविवारी कळलं. मी त्यांच्याकडे वाटाणे सोलत बसले होते. त्यांच्या यजमानांनी पुष्कळ वर्षांपूर्वी जपानी नागरिकत्व घेतलं, पाठोपाठ मुलीनं घेतलं. घरातल्या तीन माणसांत भारताच्या त्या एकट्याच उरल्या होत्या. आता यजमानांचं निवृत्तीचं वय जवळ आलं होतं, मुलगी इथेच नोकरीला लागली होती, आणि तूही घेऊन टाक, असं दोघंही सांगत होते. वाद नव्हता. वन्संनाही पटलं होतं. फक्त दोन्ही देशांचे पासपोर्ट एकदम ठेवता येत नाहीत.

"घेणार आहे मी," वाटाण्याच्या शेंगेत अंगठा रोवत त्या म्हणाल्या. "पण त्याआधी आपल्या पासपोर्टावर हे एकदा करायचंय. तो हातात आहे तोवर. उगाच आपलं."

मग माझ्या तोंडून कसं कोण जाणे, "मी येऊ तुमच्याबरोबर?" असं निघून गेलं. वास्तविक मी सायकलवर मागे बसतानाही डोळे मिटते.

मलेशियातून थायलंडमध्ये जायचं ठरलं, कारण दोन्हीकडे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. पेनांगला एका चिनी आजोबांच्या दुकानातून मोटरसायकल भाड्यानं घेतली, ती सीमेपलीकडे न्यायची त्यांची लेखी परवानगी घेतली, आणि निघालो. दोन्ही बाजूंना भाताची हिरवी शेतं, मधूनच चुनखडीचा एखादा उभा डोंगर, आणि पुढे हेल्मेटमधून ऐकू येणारा वन्संचा आवाज. गाडी चालवताना त्या बोलतात. माझ्याशी नाही, रस्त्याशी. "हो रे बाबा, जा तू आधी," "आता खड्डा, बरं," "अगं बाई, बदकं." बदकांसाठी आम्ही इतका वेळ थांबलो, की मागच्या ट्रकवाल्यानं इंजिन बंद करून विडी शिलगावली.

सीमेवर मोटरसायकलींची वेगळी रांग असते. मलेशियाच्या खिडकीत शिक्का बसला, दांडा वर गेला आणि आम्ही निघालो. पलीकडची चौकी समोर दिसत होती. मधला रस्ता साधाच, कडेला कुंपण, त्यावर घाणेरीची फुलं. आणि तिथे, बरोबर मध्यावर, वन्संनी गाडी बाजूला घेतली आणि स्टँड लावला.

तिथे थांबायचं नसतं. तशी पाटीच होती, चित्रासकट. लाल दिव्यासमोर हात जोडणाऱ्या माझ्या नणंदेनं ती पाटी वाचली, हेल्मेट काढलं आणि त्या रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

मागून शिट्टी वाजली. "वन्सं, शिट्टी वाजवतायत! चला ना हो!"

"वाजवू दे. एक मिनिट."

त्या आधी मागे बघत होत्या, मग पुढे बघितलं. एक लंगडं कुत्रं थायलंडकडून आलं, आमच्याकडे बघून मलेशियाकडे चालतं झालं. कुंपणापलीकडे इकडचं गवत तिकडे गेलं होतं आणि कुठे बदललं ते काही कळत नव्हतं. वन्सं खाली वाकल्या आणि रस्त्यावर हात टेकवला. देवळाच्या पायरीला लावतात तसा नाही; ताप बघायला कपाळाला लावतात तसा.

"काय बघताय?"

"काही नाही गं. मला वाटलं होतं, काहीतरी वाटेल."

"मग?"

"डांबर गरम आहे," त्या म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले, हेल्मेट चढवलं, शिट्टीवाल्याकडे वळून जपानी पद्धतीनं चांगला खोल वाकून नमस्कार केला आणि गाडी सुरू केली. तो बिचारा शिट्टी तोंडात धरूनच थोडा वाकला.

थायलंडच्या खिडकीत एक तरुण अधिकारी होता. त्याच्यासमोर वन्संनी सगळं मांडलं. पासपोर्ट भारताचा, मोटरसायकल चालवायचा परवाना जपानचा, गाडी मलेशियाची. त्यानं तिन्ही वस्तू पुन्हा पुन्हा बघितल्या, मग मागच्या खोलीतून एका वयस्कर साहेबाला बोलावलं. मागे रांग वाढत होती. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, "मॅडम, तुम्ही नक्की कुठल्या?"

वन्संना उत्तर न सुचल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. प्रयोगशाळेत, वसाहतीत, सासरी, माहेरी, कुठेही ज्यांचं बोलणं अडलं नाही, त्या बाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. मला उगाचच वाटून गेलं की आता या सगळी कहाणी सांगणार: पुणे, ओजिमा, यजमान, मुलगी, जपानचं नागरिकत्व. मी मागून जाकीट ओढलं. मग वन्संनी हात वर करून आम्ही आलो तो रस्ता दाखवला. "पलीकडून," त्या म्हणाल्या.

साहेब खो-खो हसले. तरुण अधिकाऱ्याला काहीतरी म्हणाले, तोही हसला, आणि शिक्का बसला. त्यानंतर पहिल्याच टपरीवर आम्ही थायलंडचा बर्फ घातलेला चहा प्यायलो. त्या चहाचा रंग भगवा होता. वन्संनी पासपोर्ट उघडून तो शिक्का वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली. खरं म्हणजे तो केव्हाच वाळला होता.

परत आल्यावर त्यांनी अर्ज केला आणि यथावकाश त्या जपानी नागरिक झाल्या. जुना पासपोर्ट वकिलातीत देऊन आल्या त्या दिवशी मला फोन आला, "पुरण जास्त झालंय, ये जेवायला." मी गेले. पुरण खरंच जास्त झालं होतं. जेवण झाल्यावर यजमान आपणहून सगळी भांडी घासायला उठले. तसं त्या घरात मी कधी पाहिलं नव्हतं.

यंदा आम्ही दोघी मिळून भारतात गेलो. मुंबईच्या विमानतळावर सकाळी उतरलो. मी सवयीनं भारतीयांच्या रांगेत गेले आणि बोलत बोलत वळून बघते, तर शेजारी वन्सं नाहीत. त्या लांब, परदेशी नागरिकांच्या रांगेत, पाठीवर पिशव्या घेतलेल्या उंच गोऱ्या मुलांच्या मधे उभ्या होत्या, त्यांच्या खांद्याखाली जवळजवळ बुडालेल्या. मला बघून त्यांनी हात केला. मग रांगेच्या पट्ट्याशी येऊन ओरडल्या, "अगं, पाणी तुझ्याकडे राहिलं!" मी बाटली न्यायला निघाले, तर तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, आपापल्या रांगेत." वन्सं लगेच मागे सरकल्या. "हो, हो, बरोबर आहे त्यांचं," असं मला समजावल्यासारखं म्हणाल्या.

माझी रांग आधी संपली. सामानाच्या पट्ट्यापाशी मी दोघींच्या बॅगा उतरवून थांबले. त्या बऱ्याच वेळानं आल्या, नेहमीसारख्या ताठ, पिशवी छातीशी धरून. मी बाटली पुढे केली. त्या घटाघटा पाणी प्यायल्या, बाटलीचं झाकण घट्ट लावून ती मला परत दिली, आणि मग माझा हात धरला. आम्ही बाहेर आलो, पुण्याची गाडी शोधली, चालकानं बॅगा मागे टाकल्या. तोवर त्यांनी माझा हात सोडला नव्हता.