आक्काचा बैलबाजार

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा माझा उजवा हात रुमालाखाली होता. बैलबाजारात सौदा असाच होतो. देणारा आणि घेणारा रुमालाखाली हातात हात घालतात, बोटं दाबून भाव सांगतात, आणि भोवती उभ्या माणसांना त्यातलं काही कळत नाही. एका खिलार जोडीचा भाव मी निम्म्यावर आणला होता. डाव्या हातानं फोन कानाला लावला. बायको म्हणाली, "आक्का गेल्या. सकाळी उठल्याच न्हाईत." मी हात काढून घेतला. अर्धा सौदा टाकून बाजारातून उठायची माझ्यावर पहिल्यांदाच वेळ आली.

तिसऱ्या दिवशी राख सावडून परत येतोय, तर गावाच्या एसटी थांब्यावर फ्लेक्स लागलेला. दूध संस्थेच्या चेअरमनचा फोटो आक्कापेक्षा मोठा, आणि खाली लिहिलेलं, 'शिस्तप्रिय, आदर्श बालवाडी शिक्षिका'. शिस्तप्रिय! माझं डोकं तिथं फिरलं ते अजून जाग्यावर आलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो. माझ्या थोरल्या बहिणीनं उभ्या आयुष्यात पोरांना ओळीत बसवलं नाही, 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हटलं नाही. सकाळी पोरं यायची, जे खेळावंसं वाटेल ते मांडायची, आणि आक्का त्यांच्यात जाऊन बसायची. भातुकलीत तिला सून केलं तर ती डोक्यावर पदर घेऊन भाकऱ्या थापायची. कुणी हसलं तर म्हणायची, "पोरं जिथं रमली तिथं आपण जावं. त्यांना आपल्या खेळात कावून वढायचं?" त्यातच मोजणं यायचं, गाणं यायचं, भांडण आणि मिटवणंही यायचं.

या बालवाडीला खोली होती. गावानं श्रमदानानं बांधलेली, दूध संस्थेच्या आवारात, कारण जागा संस्थेची. मग वीस-बावीस वर्षांमागं तो मोठा दुष्काळ आला. केजच्या बाजूनं टँकर यायचे, त्यांची वाट बघण्यात गावाचा दिवस जायचा. संस्थेनं गावाबाहेर जनावरांची छावणी उघडली, आणि चेअरमन आक्काच्या दारात आले. "आक्का, पेंडीची पोती भिजतील-बिजतील. चार दिवस खोलीत ठिवतो." पाऊस असता तर छावणी कशाला लागली असती, पोती भिजणार कशानं, हे मी तिथंच विचारलं. आक्कानं मला गप्प केलं. जनावरं उपाशी असताना खोली अडवून धरायची नाही, एवढंच तिचं म्हणणं. किल्ली तिनं स्वतःच्या हातानं दिली.

पोरं तशीही छावणीतच होती. त्या वर्षी कारखान्यांना ऊस नव्हता, तेव्हा तोडणीच्या टोळ्याही गावातच राहिलेल्या. घरंच्या घरं जनावरांपाशी मुक्कामाला. आक्कानं छावणीच्या कडेला लिंबाखाली पोतं अंथरलं आणि बालवाडी चालू केली. पोरांनी काय खेळायला काढलं? बैलबाजार. दिवसभर तेच बघत होती ना! जनावरांनी खाऊन उरलेली कडब्याची धांडं मोडून त्यांनी बैल केले, चिंचोके झाले पैसे. मी त्या काळात छावणीत बैल बघायला जायचो. लोक तोंडावर 'शेठ' म्हणायचे आणि पाठ फिरली की 'हेड्या', म्हणजे गुरांचा दलाल. पडेल भावात बैल घेणाऱ्याला दुष्काळात कोण ओवाळणार? पण घेणारा मी होतो म्हणून निदान दावणीवर तरी कुणाचा बैल मेला नाही... असो. तर एक दिवस आक्कानं हाक मारली, "गणपा, ये हिकडं. ह्यांच्या बाजारात व्यापारीच न्हाई."

मी बसलो. खांद्यावरचा रुमाल काढला आणि पोरांना बोटांची बोली दाखवली. मुक्ता नावाची एक पोरगी होती, टोळीवाल्याची, पाच वर्षांची असेल. तिला एक-दोन म्हणायला लावलं तर चारावर अडायची. रुमालाखाली मात्र बोटं अशी चाचपायची की मला घाम फुटला. मी तीन दाबली की ती माझ्याच हाताला धरून पाच दाबायची! मग एकदम थांबली.

"मामा, झाकता कावून?" बाईंचा भाऊ म्हणून सगळी पोरं मला मामाच म्हणत.

"दुसऱ्याला कळू नये म्हणून."

"कळलं तर काय व्हतं?"

भोवतीची माणसं खदखदून हसली. मी तापलो. "भाव मोडतो, काय व्हतं!" तोवर पोरांनी रुमाल भिरकावून दिला होता आणि त्यांचा बाजार उघड्यावर सुरू झाला होता. आता बघणारेही बोलायला लागले. "ह्यो बैल लंगडा हाय!" "ह्याला दातच न्हाईत!" आणि मी भाव केला की सगळी मिळून ओरडायची, "एवढ्याला नको, मामा!" मी आक्काला म्हणालो, "माझा धंदा बुडवायला शिकवतीस का ह्यांला?" ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती. "मी कुठं काय शिकवलं? मी तर बसलेय गुमान."

नेमक्या तेव्हा तपासणीच्या मॅडम आल्या. एका पोरानं त्यांना विचारलं, "तुमचा बैल कुठंय?" मॅडम आक्कावर उखडल्या, "ही बालवाडी आहे का बैलबाजार?" आक्का उठून उभी राहिली. "आज बैलबाजार हाय, मॅडम. उद्या काय असंल ते पोरं ठरवतील."

पाऊस झाला, जनावरं घरी गेली, छावणी उठली. खोलीतली पोती उठली नाहीत. पेंड संपली तर खताची आली, खत संपलं तर संस्थेच्या मोडक्या खुर्च्या आल्या. आक्का दर जूनला किल्ली मागायला जायची. आणि चेअरमन काय म्हणायचे? "आक्का, तुमची पोरं काय, कुठंबी खेळतात की! झाडाखाली लई रमतात." बघा हा माणूस. जिनं पोरांना खेळता खेळता शिकू दिलं, तिलाच सांगायचं की खेळायला खोली कशाला. ओळीत बसवून पाढे घोकवले असते तर पहिल्याच वर्षी खोली मिळाली असती. आक्का मारुतीच्या सभामंडपात बालवाडी भरवत राहिली, थंडीत, धुळीत. लग्नसराईत तिथनंही उठवली जायची. मी कितीदा म्हणालो, कुलूप फोडतो. ती म्हणायची, "तू भांडलास तर पोरं उद्या भांडणच खेळतील, गणपा." या एका वाक्यावर तिनं मला मरेपर्यंत बांधून ठेवलं.

तेराव्याला शोकसभा झाली. सभेआधी चेअरमननी मला मांडवाच्या कडेला घेतलं. माझा हात हातात घेतला आणि वर आपलं उपरणं टाकलं. हेड्याशी हेड्याच्या रीतीनं! खालून हात दाबत म्हणाले, "गणपतराव, खोलीला आक्काचं नाव देऊ. दारावर फोटो लावू. खोली तेवढी ऱ्हाऊ द्या संस्थेकडं. दोन शब्द गोड बोला."

बैलाच्या किमतीत दावं देतो म्हणणारे मी खूप पाहिलेत. मी उपरणं ओढलं आणि त्यांचा हात तसाच धरून वर केला. सगळा मांडव बघायला लागला. "चेअरमन, आक्काच्या खोलीचा सौदा उघड्यावर करू. आत्ता मला काय देत व्हता ते सगळ्यांला सांगा." ते हात सोडवायला बघू लागले. मग मीच सांगितलं. नाव, फोटो, आणि आत खताची पोती. बायकांतून एक आवाज आला, आधी हळू, मग खणखणीत, "एवढ्याला नको, मामा!" कडेवर लेकरू घेऊन मुक्ता उभी होती. तिचं थोरलं आता बालवाडीत आहे. मग दुसरी बाई बोलली, तिसरी बोलली... लिंबाखालची ती सगळी पोरं आता बाप्ये आणि बाया झालीत, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. चेअरमन "बघू, बैठकीत घेऊ" म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले.

बैठक अजून झालेली नाही. खोलीला कुलूप आहे. आक्काची मदतनीस सभामंडपात बालवाडी चालवते. परवा तिकडं गेलतो. तिथल्या खेळण्यांच्या टोपलीत माझा तो जुना रुमाल आहे, आक्कानं तो कधी परत दिलाच नाही. एका पोरानं तो गळ्यात उपरण्यासारखा घातला होता आणि पालथ्या घमेल्यावर उभं राहून तो "बघू, बघू" म्हणत होता. बाकीची पोरं मुठी वळून ओरडत होती, "एवढ्याला नको!"

आक्का म्हणाली होती तेच झालं, पोरं भांडण खेळत होती. मदतनीस त्यांना थांबवायला उठली. मी म्हणालो, "बस खाली. पोरांनी ठरवलंय."