पालथी शिळा

लग्न होऊन स्वीडनमधल्या फाल्बिग्डेनच्या पठारावर आल्यापासून, म्हणजे सदतीस वर्षं, उल्रिका गावातल्या आजाऱ्यांसाठी शिळेला चरबी लावत होती. राय धान्याच्या शेताच्या मधोमध ते जुनं दगडी थडगं होतं. ते कोणी बांधलं, हे गावात कुणी विचारत नसे. छताच्या मोठ्या शिळेवर अंडं मावेल असे अकरा खळगे होते. गुरुवारी सूर्य मावळताना जायचं, खळग्यांत टेकडीखाली राहणाऱ्या अदृश्य मंडळींसाठी डुकराची अळणी चरबी चोळायची, आजाऱ्याच्या कपड्यातली टाचणी ठेवायची आणि परत यायचं. असे लागोपाठ तीन गुरुवार. थडग्याच्या वाटेला लागल्यापासून घरी येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, नाहीतर सगळं फुकट.

या खेपेला आजारी होती तिची स्वतःची मुलगी, चोवीस वर्षांची हेडा. खोकल्यातून रक्त पडू लागल्यावर शहरातल्या डॉक्टरने तिला घरी पाठवलं होतं. दोन गुरुवार नीट पार पडले होते.

दुसऱ्या गुरुवारनंतर थडगं उकरायला स्टॉकहोमहून साहेब आले. मोठी शिळा काढावी लागली, पण बुधवारी ती जागेवर बसेल असं मुकादम आक्सेलने सांगितलं होतं. त्याने शब्द पाळला. तिसऱ्या गुरुवारी उल्रिका पोचली तेव्हा शिळा जागेवर होती, पण वरून पाटासारखी गुळगुळीत.

"खळगे कुठे गेले?"

शब्द तोंडातून निसटल्यावर तिला कळलं. तिने हात तोंडावर दाबला.

साखळदंड गाडीत भरत असलेला आक्सेल हसला. "आतल्या बाजूला. सपाट अंग वर घेतलं. आता बसून कॉफी प्यायची सोय झाली की, मावशी!"

आता गप्प राहून तरी काय उपयोग? "उलटी कर," ती म्हणाली.

"चार घोडे लागले तिला. उद्या पहाटे आम्ही पुढच्या गावी." तिच्या हातातली वाटी पाहून तो जरा ओशाळला. "तुमच्या त्या टेकडीखालच्या मंडळींना बरंच झालं म्हणा. खालूनच चाटतील."

गाडी गेल्यावर उल्रिका गुडघ्यांवर रांगत थडग्याच्या अरुंद बोळातून आत शिरली. आतली हाडं खोक्यांत भरून नेली होती, जमीन झाडून काढली होती. अंधारात हात वर करून तिने खळगे चाचपले. नऊ सापडले. दोन कडेच्या दगडांखाली दबले होते. सापडलेल्यांत तिने चरबी थापली आणि हेडाची टाचणी त्यात खुपसली. टाचणी खाली पडली. पुन्हा खुपसली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा ती सापडलीच नाही.

घरी हेडा चुलीजवळच्या बाकावर पडून होती.

"झालं?"

उल्रिकेने मान डोलावली. हेडा तिच्या केसांकडे बघत राहिली.

"आई, चरबी शिळेला लावलीस की डोक्याला?"

"पालथी घातलीय शिळा मेल्यांनी."

"आणि तू त्यांच्याशी भांडलीस."

"तुला कोणी सांगितलं?"

"तू आणि गप्प बसशील!"

दोघी हसल्या. हेडाला हसता हसता ठसका लागला, तो बराच वेळ थांबला नाही.

रायची कापणी सुरू होण्याआधी तिला चर्चच्या आवारात पुरलं.

शरद ऋतूतल्या एका गुरुवारी शेजारची केर्स्टिन चरबीची वाटी घेऊन आली. तिच्या नवऱ्याचे पाय सुजले होते.

"उल्रिकामावशी, आतून लावली तर चालते ना गं?"

"यात बटाटे परत आणि त्याला खायला घाल. मीठ टाक वरून."

"अशी काय बोलतेस? मग आम्ही कुणाकडे जायचं?"

उल्रिकेने वाटी तिच्यापुढे सरकवली. केर्स्टिन वाटी उचलून बाहेर पडली. खिडकीतून दिसलं, ती घराकडे न वळता थडग्याच्या वाटेला लागली होती. शालीखाली वाटी, ओठ घट्ट मिटलेले.

उल्रिकेने तिला हाक मारली नाही. हाकेला तिने ओ दिली असती.