पोपटी कुर्त्याची ड्युटी

आता चहा हातात आहे तोवर ऐकून घ्या, पण कप जरा सांभाळून धरा. फजिती माझीच आहे. दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकाल तर तो तिखटमीठ लावेल, त्यापेक्षा मीच लावून सांगते!

मी एसटीत कंडक्टर. परतवाडा डेपो. इतकी वर्षं नोकरी झाली, पण सगळ्या घरानं मिळून सहलीला जाणं म्हणून कधी जमलं नाही. कसं जमणार? दिवाळी, उन्हाळा, लग्नसराई... जग ज्या दिवसांत फिरतं, नेमक्या त्याच दिवसांत आमच्या जादा गाड्या! होता होता पोट्टे मोठे झाले. प्रणाली इंजिनिअर झाली, तिला हैदराबादला नोकरी लागली. सम्यक बारावी झाला आणि बापाच्या डोक्यावरून पाहायला लागला.

एक दिवस प्रणाली म्हणाली, "आई, मी एकदा हैदराबादले गेली का मग काही जमत नाही. आता चाल."

झालं! साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले आणि रजेवर सही होईपर्यंत हलले नाही.

बेत ठरला. पहिल्या दिवशी अमरावतीजवळचं पाण्याचं पार्क, मग अकोल्याला नणंदेकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी अकोल्याकडचं ते मोठं, उलटंसुलटं करणारं पार्क. पहिला दिवस झकास गेला. आमचे हे गळ्यापर्यंत बटणं लावून पाण्यात उतरले, एवढंच काय ते गालबोट.

घोटाळा झाला दुसऱ्या दिवशी. आणि त्याचं मूळ म्हणाल, तर हेच! यांचं परतवाड्यात शिवणकामाचं दुकान. बायको पहिल्यांदा सहलीला निघाली म्हणून यांनी हौसेनं कुर्ता शिवला. रंग कोणता? पोपटी! चिखलदऱ्यावर उभी राहिले असते तर खाली परतवाड्यात दिसले असते, असा पोपटी. त्यात ऊन म्हणून सम्यकनं पार्काच्या फाटकावर मला पिवळी टोपी घेऊन दिली.

आता तुम्हीच सांगा, तिथं कामावर असलेल्या बाया पोपटी कुर्ता अन् पिवळी टोपी घालतात, हे मला कोणी सांगितलं होतं?

आत शिरले नाही तोच एक बाई धावत आली. "ताई, बाथरूम कुठीसा आहे वो?"

मी फाटकातच पाटी वाचलेली. सांगितलं. मग एका आजोबांनी विचारलं, सामान कुठं ठेवू? तेही सांगितलं. मग एका जोडप्यानं विचारलं, भूतबंगल्यात खरंच भीती वाटते का? मी म्हटलं, "नवरा सोबत असल्यावर कायची भीती?" माझी तर छाती फुगली! मी यांना म्हटलं, "पाहा. चेहऱ्यावर असतं ते. लोकं पाहताच ओळखतात, ही जबाबदार बाई आहे."

"असंन," हे म्हणाले. यांचं सगळं लक्ष पॉपकॉर्नमध्ये.

पोट्टे गेले मोठ्या रोलर कोस्टरच्या लाइनीत. हे सावलीत बाकावर बसले. मी आपली त्या लाइनीपाशी उभी. लाइन कसली हो ती? नुसता बाजार! कोणी कठड्यावरून उडी मारून राहिलं, कोणी 'काका पुढं आहे' म्हणत मधात घुसून राहिलं. माझे हात शिवशिवायला लागले. तेवढ्यात तिथली कामावरची पोरगी घाईघाईनं माझ्याकडे आली. तिच्या अंगावर उन्हाचं जॅकेट होतं, डोक्याला रुमाल बांधलेला, म्हणून मला कुर्ता-टोपी काही दिसली नाही.

"आल्या का बाई तुमी? बरं झालं! मी दोन घास खाऊन येतो. मधात घुसून राहिले लोकं, जरा पाहा."

मला वाटलं, बिचारी किती विश्वासानं सांगून राहिली! एका नोकरदार बाईचं जेवण राहिलं, तर दुसरीनं नाही पाहायचं तर कोणी? मी म्हटलं, "जाय माय, सावकाश जेव."

आणि पर्समधून शिट्टी काढली. गाडी मागं घेताना वाजवायला असते ना, ती! रजेवर असले तरी ती पर्समध्येच.

फुर्रर्र!

"ए लाल शर्ट, मागं! ओ ताई, लेकराले पुढं घ्या! एकामागं एक! मधात कोणी घुसायचं नाही! चला, पुढं सरका, पुढं जागा आहे!"

पुढं काही जागा नव्हती, पुढं लोखंडी फाटक होतं. पण सवय! पाहता पाहता लाइन अशी सरळ झाली, की दोरी धरून आखली म्हणावं.

पोट्टे एक फेरी मारून उतरले तर समोर मी, शिट्टी तोंडात.

"आई, तू काय करून राहिली?" सम्यकनं डोक्याला हात लावला.

"लाइन लावून राहिली. तुमी फिरा."

"अवं, आपण सोबत फिराले आलो ना?" प्रणालीचा चेहराच उतरला.

"ती पोरगी जेवून येऊ दे. आलीच मी."

प्रणाली सम्यकला घेऊन निघून गेली. मनात एक कळ आली बघा. पण मधेच ड्युटी सोडायची कशी?

आणि मग आला तो माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळा चष्मा, फोन कानाला. लाइन सोडून बाजूनं सरळ फाटकाकडे!

फुर्रर्र! "ओ भाऊ! कुठं चालले?"

"अहो, मी इथला..."

"तुमी कुठचेही असा. म्हाताऱ्या बाया उन्हात उभ्या आहेत. मागं!"

"पण मॅडम..."

"मागं!"

गेला बिचारा. अगदी शेवटी जाऊन उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी टोपी सरळ केली.

सरकत सरकत तो माणूस पुढं आला तेव्हा घामानं डबडबला होता. चष्मा काढून म्हणाला, "मॅडम, मी इथला मॅनेजर आहे."

मी शिट्टी तोंडातून काढली. पण कंडक्टरनं चेहरा पडू द्यायचा नसतो. म्हटलं, "मग तर बेसच झालं. लोकाइले दिसलं पाहिजे, मॅनेजरही लाइनीतून येते."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. पुण्याकडचा होता, बोलण्यावरून कळलं. म्हणाला, "वा! असा स्टाफ पाहिजे मला. तुम्ही कुठल्या सेक्शनला?"

मी ताठ उभी राहिले. "परतवाडा डेपो, सर!"

"परतवाडा..." तो विचारात पडला. "हे आपल्याकडे कुठे आलं? भूतबंगल्याच्या मागे का?"

"नाही सर, अचलपूरच्या बाजूले."

तेवढ्यात ती पोरगी जेवून परतली. आता जॅकेट अन् रुमाल हातात होते, डोक्यावर टोपी. मी तिचा कुर्ता पाहिला. माझा पाहिला. तिची टोपी पाहिली. माझी पाहिली. आणि माझ्या डोक्यात डबल बेल वाजली!

"सर, मले वाटलं, ह्या नवीन लागल्या," पोरगी रडकुंडीला आली.

"तिची काही चूक नाही सर," मी कसंबसं म्हटलं. "मी... मी फिराले आली होती."

अख्खी लाइन हसायला लागली. कोणी मोबाइल काढले. मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी आत जावं, पोपटी कुर्त्यासकट! आणि नेमके पोट्टे समोरून येताना दिसले. म्हटलं, आता ही इंजिनिअर झालेली पोरगी मला ओळख तरी देते की नाही?

प्रणाली गर्दीतून वाट काढत सरळ माझ्यापाशी आली. माझ्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सर, ही माझी आई आहे. एसटीत कंडक्टर आहे. हिनं ड्युट्या केल्या, म्हणून मी इंजिनिअर झाली."

"अन् शिट्टी तिची स्वतःची आहे," सम्यक म्हणाला.

हसणारी लाइन आता टाळ्या वाजवायला लागली. तिकडे हे पॉपकॉर्न ठेवून बाकावर उभे राहिले आणि ओरडले, "अन् कुर्ता मी शिवला!"

माझं काय झालं असेल? डोळ्यांत पाणी आणि मान ही एवढी वर! लाख प्रवासी पाहिले असतील मी, पण उतरताना असं काही कोणी देऊन गेलं नव्हतं.

मॅनेजर म्हणाले, "चला मॅडम, आता पाहुण्या म्हणून बसा. सगळ्यात पुढची सीट तुमची."

"पुढची नको," मी म्हटलं. "कंडक्टर मागं बसते."

बसलो. मी मधात, दोन्हीकडे पोट्टे. सम्यक म्हणाला, "आई, भेव तर नाही वाटून राहिलं?"

"मले? अरे, धारणीच्या घाटात उभ्यानं तिकिटं फाडतो मी!"

गाडी चढत चढत वर गेली. क्षणभर थांबली. आणि मग... आता काय सांगू! पोट वरच राहिलं आणि मी खाली गेले. मग मी उलटी, आभाळ पायाखाली! घसा फाटेस्तोवर ओरडले, "ओ ड्रायव्हर, थांबव! ड्रायव्हर, सावकाश घे ना बाप्पा!" ऐकतो कोण?

खाली आल्यावर राग मावत नव्हता. माणसं भरलेली गाडी अशी हाकतात? मी तरातरा पुढं गेले, त्या ड्रायव्हरला झापायला. पहिल्या डब्यात डोकावले. कोणीच नाही!

मागून प्रणालीनं हळूच सांगितलं, "आई, याले ड्रायव्हर नसते."

मी मटकन खालीच बसले. म्हणजे इतका वेळ मी शिट्ट्या मारमारून, अख्ख्या जिल्ह्याला बिनड्रायव्हरच्या गाडीत बसवून राहिले होते!