शेपटीवरचं ठिगळ

नातवाच्या सायकलचं पंक्चर काढायला सोल्युशनची ट्यूब उघडली आणि त्या वासासरशी मी अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या युनिव्हर्सिटीतल्या तळघरात जाऊन पोचलो, जिथे ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं मराठी विद्यार्थी तसल्याच वासाच्या गोंदाने विमानांचे फोटो कार्डांवर चिकटवायचो. वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिकेला शस्त्रं विकायला जगभर बंदी होती, तरी तिथे लष्करी विमानं पोचत होती, आणि मासिकांतल्या फोटोंवरून ती हुडकणं हे आमच्या प्रोफेसरांचं काम. शेपटीवरचे नंबर रंगवून बदलत, म्हणून विकण्याआधीचा आणि तिथे पोचल्यानंतरचा, असे एकाच विमानाचे दोन फोटो जुळले तरच ते रिपोर्टमध्ये जायचं. आमच्यातली दुसरी, ती नागपूरची, माझ्यानंतर आलेली, पण प्रोफेसर हाक तिलाच मारायचे. एका मालवाहू विमानाच्या शेपटीवरचं तिरकं ठिगळ तिने हेरून ठेवलं होतं. दुसरा फोटो तेवढा मिळत नव्हता. तो मला मिळाला. नंबर नवा, ठिगळ तेच. मी तो भलत्याच विमानाच्या कार्डावर चिकटवला आणि खण लावून टाकला. रिपोर्ट जायच्या आदल्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली. "एकदा तू चेक कर ना यार, तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली आहे." "केलं," मी म्हणालो, "नाहीये." तिने मान हलवली आणि ते विमान स्वतःच्या हाताने यादीतून खोडलं. वर्षभर ज्या एका वाक्यासाठी मी जळत होतो, ते तिने इतक्या सहज दिलं. ते वाक्य खरं होतं, एवढंच मला तिला अजून सांगता आलेलं नाही.