भाऊजींची कच्ची लाख

भाऊजी गेल्याचा निरोप अकोल्याहून दर्यापूरला आला, तेव्हा मी गाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवत होतो. लोखंड लाल झालेलं असलं की सोडून उठता येत नाही. निरोप आणणाऱ्याला म्हटलं, थांब बाबा, आणि धाव बसवून, चाकावर पाणी ओतून मगच मी रडायला बसलो. भाऊजींना हे कळलं असतं तर बरंच वाटलं असतं. काम अर्ध्यात टाकलेलं त्यांना खपत नसे. दीड महिना झाला त्याला. दुपारी पोटभर जेवून, नातवंडांना दटावून माणूस आडवा झाला तो उठलाच नाही. तेव्हा फार हळहळण्यासारखंही काही नाही. तरी आठवण येतेच... आणि घरात चार बुकं शिकलेला मी एकटा, म्हणून हे लिहिणं माझ्याकडे आलं.

किसन मिस्त्री म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. सुतार आम्ही दोघेही, पण मी जन्मभर बैलगाड्या केल्या आणि त्यांचा जीव बारीक कामात. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, इकडे वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि ज्याला त्याला साहेबाच्या बंगल्यातल्यासारखं चकचकीत लाकूड हवं झालं. भाऊजी मुंबईला जाऊन ते काम शिकून आले. स्पिरिटात चपडा लाख विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्यानं हातावर हात देत लाकडात जिरवायची. पहिल्या दिवशी ते घरी आले तेव्हा अक्काला अंगाचा वास आला आणि ती बोचकं बांधून तडक आमच्याकडे निघाली, नवरा दारू प्यायला लागला म्हणून. बिचारे लाखेचं मडकं घेऊन तेव्हाच्या त्यांच्या खेड्याहून दर्यापूरपर्यंत तिच्या मागे चार कोस चालत आले. मडकं हुंगल्यावर अक्का परत गेली, पण आठ दिवस बोलली नाही. त्या दिवसांत रस्त्यानं कापसाच्या गाड्या हटत नसत आणि उडणारी रुई ओल्या लाखेवर बसे. म्हणून भाऊजी ऐन वैशाखात दारंखिडक्या लावून काम करीत आणि घामानं निथळत बाहेर येत.

अमरावतीत एका पाटलानं नवं घर बांधलं होतं. पहिल्या बायकोच्या मुलीचं लग्न काढलं होतं, त्यासाठी त्यानं भाऊजींना बंगई करायला सांगितली. बंगई म्हणजे आमच्याकडचा झोपाळा. ती मनासारखी झाली तर घरातली सगळी दारं आणि कपाटं भाऊजींचीच, असा शब्द दिला होता. दोन वर्षांचं काम. त्या भरवशावर भाऊजींनी अमरावतीत बिऱ्हाड केलं, अक्कानं तुळसही लावली. बंगई आरशासारखी झाली. मी पाहिली होती, तिच्यात मला माझ्या मिशा दिसल्या.

लग्नाच्या दिवशी सकाळीच पाटलाचा गडी बोलवायला आला. मीही लग्नासाठी अमरावतीतच होतो, म्हणून सोबत गेलो. बंगईच्या मधोमध ताटाएवढा पांढुरका डाग, ताकाची निवळी सांडल्यासारखा. पाटील मूळचा तापट, त्यात दुपारी वरात यायची. भाऊजींनी डागावरून हात फिरवला, स्वयंपाकघराच्या दाराकडे एकवार पाहिलं आणि म्हणाले, "पाटील, लाख कच्ची राहिली. चूक माही हाय."

मी पळत जाऊन घासायला समुद्रफेस, मलमल आणि नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, तुकडे घेऊन आलो. समुद्रफेस कुटून मलमलीतून गाळला, त्याची पूड जवसाच्या तेलात कालवली आणि नमद्यानं लाकडाच्या रेषेरेषेनं आम्ही घोटायला लागलो. "दाबू नको," भाऊजी सारखं सांगत होते, "गाडीचं चाक नाही ते." डाग विरत गेला. पण एकाच जागी घोटून कसं चालेल, म्हणून सगळी बंगई घोटावी लागली आणि चकाकी उतरली. खाली सागाच्या रेषा वर आल्या, मऊ, शांत. माझ्यासारख्या गाडीवाल्यालाही ती आधीपेक्षा देखणी वाटली. पाटलाला नाही वाटली.

"म्या आरशावानी सांगतली होती. हे त विझून गेली."

"हात फिरवून पाहा," भाऊजी म्हणाले. पाटलानं हात फिरवला नाही. वराकडचा एक म्हातारा मात्र पागोटं काढून तिच्यावर जो झोपला तो अक्षतांनाच उठला. दारंकपाटांना मुंबईचा मिस्त्री आला. महिन्याभरात भाऊजींनी बिऱ्हाड उचललं आणि अकोला गाठलं. तिथं त्यांचं चांगलंच बस्तान बसलं, पण मी त्यांना सोडलं नाही. चाळीस वर्षं दर दिवाळीला विचारायचो, "काय भाऊजी, लाख वाळली का?" ते हसून म्हणायचे, "वाळून राहिली."

भाऊजींना जाऊन तीन आठवडे झाले असतील, मी अकोल्यात अक्काकडेच होतो. एक म्हातारी बाई दारात उतरली. पाटलाची दुसरेपणाची बायको... मुलीच्या त्या लग्नाच्या वेळी असेल एकोणीस-वीसची. पाटील जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पाणी घेतलं आणि ती अक्काला म्हणाली, "लाख कच्ची नोती, बाई. आदल्या दिवशी म्या बंगईची पूजा केली आन् भरला कलश तिच्यावरच राहू देला. सकाळी डाग दिसला त ओल्या फडक्यानं पुसला, तो अजून पसरला. तुमचे भाऊ सामान आणाले गेले, तवा मिस्त्री तेल मांगाले सैपाकघरात आले. माही रडू रडू गत झाली होती. म्या म्हनलं, मीच सांगतो मालकाले. त मिस्त्री म्हनले, 'तुमी काही बोलू नका बाई. मले धा गावं हायत. तुमाले हे एकच घर हाय.'"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस दिवाळ्या... अक्का मात्र माझ्याकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर स्वतःच्या लग्नातही दिसली नसेल अशी ऐट होती. तिलाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. तिनं त्या बाईला बंगईचं काय झालं ते विचारलं.

"हाय ना," बाई म्हणाली. "सुना म्हंतात गडी लावा. पन दर दसऱ्याले म्याच घोटली तिले, जवसाच्या तेलानं. मिस्त्री जाता जाता शिकवून गेले होते. दाबू नका म्हने."