समोरचीचा नमस्कार

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला जमत नाही. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. माझी शाळा चौथीत सुटली. चारचौघांत बोलायची मला लाज वाटते, म्हणून लिहून ठेवते. मी अमरावतीला होमगार्डमध्ये होते. आमच्या भरतीला शिक्षणाचं फारसं विचारत नव्हते.

बंदोबस्ताला आम्ही चौघी कायम एकत्र असायचो. सेक्शन लीडर सुशीलाताई मोझरीकडची, कुणब्याची. शबाना परतवाड्याची, तिच्या नवऱ्याचं पंक्चरचं दुकान. फुलवंती मेळघाटातली कोरकू. आणि मी बौद्धाची.

सुरुवातीला आमचं पटत नव्हतं. मी ‘जयभीम’ म्हटलं की ताई नुसती मान हलवायची. ती ‘राम राम’ म्हणाली की मी बुटाची लेस बांधायला वाकायची. शबाना सलाम करायची तो भिंतीकडे पाहून. एकदा प्लाटून कमांडर सगळ्यांसमोर म्हणाले, “एकमेकींचं तोंड पाहत नाही, गर्दी काय आवरणार तुम्ही?”

दुसऱ्या दिवशी फॉलिनला रांगेत उभ्या राहिलो तेव्हा ताई म्हणाली, “आजपासून आपला नमस्कार आपल्यापाशी ठेवा. समोरचीले समोरचीचा द्यायचा.” आणि माझ्यापुढे उभी राहून म्हणाली, “जयभीम, बाई.” मला ‘राम राम’ म्हणावंच लागलं.

फुलवंतीनं विचारलं, “अन् मले काय म्हणसान?”

“तुयाकडं काय म्हणतात?”

“आमच्याकडं पहिले जेवली का इचारतात.”

“मंग जेवली का?”

“नाही ना!”

त्या दिवशी पहिल्यांदा चौघी हसलो. पुढं ती सवयच पडली. ड्युटीवर जाताना तोंडातून आपोआप निघायचं.

मग अकोल्याची ऑर्डर आली. शहरात तणाव होता. गाडीत फुलवंतीनं माझा हात धरला होता, तो तिनं उतरेपर्यंत सोडला नाही. उतरल्यावर ताई म्हणाली, “अंगावरचे दागिने काढा. नेमप्लेटही काढा, खिशात ठेवा. आज आपल्याले नाव नाही.”

आमचा पॉइंट एका गल्लीच्या तोंडाशी होता. मागं सरकी-ढेपेचं बंद दुकान, त्याचा ओटा. हातात लाठ्या. हेल्मेट नव्हती. दुपारी तीनच्या सुमारास पुढच्या चौकात आग लागली आणि सोबतची पोलीस तुकडी तिकडं धावली. त्यांचे साहेब जाताना ओरडले, “पॉइंट सोडू नका! गाडी पाठवतो!”

गल्ली एकदम रिकामी झाली. दारं लावल्याचे आवाज आले. ताईनं आम्हाला ओट्यावर घेतलं, पाठ शटरला.

तोंडं बांधलेली माणसं आली. किती होती ते मी मोजलं नाही, हातातल्या सळया पाहत होते.

एक जण म्हणाला, “तुमच्यात एक त्यायची हाय. आमाले खबर हाय. कोन हाय ते सांगा, बाकीच्या जा घरी.”

“इथं होमगार्ड हाय,” ताई म्हणाली. “दुसरं कोनी नाही. मागं व्हा.”

“नावं सांगा मंग.”

“ठाण्यात येऊन इचार.”

पलीकडच्या मोहल्ल्यात दुसरी माणसं दुसऱ्यांना हेच विचारत होती, हे मला नंतर कळलं.

शबाना कापत होती. तिच्या लाठीचं टोक फरशीवर वाजायला लागलं. थांबवायला गेली तर जास्तच वाजलं. एकेक माणूस तिच्याकडं पाहू लागला.

तेव्हा ताई तिच्याकडं वळली आणि फॉलिनच्या आवाजात म्हणाली, “सलाम आलेकुम, बाई.”

शबानाच्या तोंडून निघालं, “राम राम, ताई.”

“हेच हाय थे!” तो ओरडला, आणि सळई ताईच्या डोक्यावर बसली.

ताईनं हे सवयीनं म्हटलं की समजून, ते मला आजही सांगता येत नाही. ‘ती सुशीला आहे’ एवढंच बोलायचं होतं. पण ते बोलणं म्हणजे शबानाकडं बोट दाखवणं. ताई पडल्या पडल्या एकच बोलली, “लाईन तोडू नका.” आम्ही तिघी तिच्यासमोर लाठ्या आडव्या धरून उभ्या राहिलो. शबाना मधे होती.

शिट्ट्या ऐकू आल्या. जीप आली. माणसं मागं सरली, पण गेली नाहीत. गल्लीच्या दोन्ही बाजूंना उभी होती.

आम्ही ताईला जीपमध्ये घेतलं. डोकं माझ्या मांडीवर होतं. वायरलेस मोठ्यानं वाजत होता.

“जखमी कोण? नाव सांगा. ओव्हर.”

मी तोंड उघडलं. ताईनं माझं मनगट धरलं.

“आत्ता नोको,” ती म्हणाली. “गल्ली सरू दे.”

वायरलेसवर पुन्हा विचारलं. जीपमधल्या शिपायानं माझ्याकडं पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. गल्ली फार लांब वाटली. दगड-विटा पडलेल्या, जीप सावकाश चालत होती. बाहेरचे आत वाकून पाहत होते. शबानाचं डोकं फुलवंतीनं आपल्या खांद्यात दाबून धरलं होतं.

मोठा रस्ता लागला तेव्हा माझ्या मनगटावरचा हात सुटला होता.

“जखमीचं नाव सांगा. ओव्हर.”

शिपायानं माईक माझ्यापुढं धरला. मी सांगितलं. तिकडून म्हणाले, “ऐकू येत नाही, मोठ्यानं.”

जन्मात एवढ्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते.

“सुशीला राऊत. सेक्शन लीडर. होमगार्ड, अमरावती.”