तिला कळेल असं पुस्तक

आमच्या मराठी शाळेचे वर्ग रिकामे होत चालले होते आणि मी मात्र संध्याकाळी घरी बसून एका बाईला इंग्रजी शिकवत होते. का, तर तिच्या मुलीला इंग्रजी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकमध्ये गल्लोगल्ली इंग्रजी शाळांच्या पाट्या लागत होत्या, आणि त्यातल्या नावाजलेल्या शाळा पोराआधी आईबापाची मुलाखत घ्यायच्या.

ही बाई मखमलाबादकडच्या फूलशेतीवाल्या घरातली सून. माहेर नांदगावकडचं, शिक्षण सातवीपर्यंत, म्हणजे इंग्रजी अक्षरं जुळवून वाचता यायची, अर्थ कळायचा नाही. नवराच तिला माझ्याकडे घेऊन आला. म्हणाला, "बाई, मुलाखतीपुरतं तरी शिकवा हिला. मला नाय जमायचं. एक पोरगी हाय, ती तरी शिकू द्या." अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

पहिला घोळ झाला तो पुस्तकाचा. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मी नवशिक्यांसाठीची म्हणून पुस्तकं आणली, तर त्यात बर्फ पडत होता, आत्या शेकोटीपुढे बसून केक कापत होती आणि पोरं तट्टावर बसून फिरायला निघाली होती. हिने बर्फ पाहिला तो उसाच्या रसात घातलेला. पाचवीचं क्रमिक पुस्तक दिलं, तर दिराची पोरं तिला हसली. इंग्रजी पेपर दिला, तर पहिल्याच बातमीत मीच अडखळले. शब्द सोपे हवेत आणि मोठ्या माणसाचा मानही राहायला हवा, असं पुस्तक शोधणं म्हणजे जिवाला घोर.

शेवटी चित्रं नसलेलं एक गोष्टीचं पुस्तक तिच्या हाती दिलं. आठवड्याने आली ती खुशीत.

"बाई, एक पारायण झालं."

मला वाटलं थट्टा करतेय. कसली थट्टा अन् कसलं काय. श्रावणात सासूबरोबर पोथी वाचायची, तसंच तिने ते वाचलं होतं. अंघोळ करून, पाटावर बसून, मोठ्याने, एक अक्षर न गाळता. मागच्या पानावरचा छापखान्याचा पत्ता आणि किंमतसुद्धा सोडली नव्हती. मला वाचून दाखवलं तेही ओवीसारखं, हेल काढून, घडाघड. मी विचारलं, गोष्टीत झालं काय?

"ते कुठं कळतंय?" ती शांतपणे म्हणाली. "पोथीतलं तरी सगळं कुठं कळतं? नेमानं वाचत राहिलं की फळ मिळतं."

मी चिडले. "अगं, तिथे देव नाही बसायचा, मॅडम बसणार आहेत. त्या प्रश्न विचारतील."

तिने पुस्तक मिटून कपाळाला लावलं, आणि मग मलाच वाईट वाटलं. तिच्या घरात पुस्तक म्हणजे पोथी. ते दुसऱ्या कशासाठी उघडतात, हे तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

पुन्हा शोधाशोध. वाचनालयाने काढून टाकलेल्या गठ्ठ्यात एक पातळसं पुस्तक सापडलं. एक बाई दुकान चालवते, मुलीला ताप येतो, शेजारीण दुकान सांभाळते आणि ही मुलीला डॉक्टरकडे नेते. एवढंच. वाक्यं इवलीशी, पण माणसं मोठी. मी नियम घातला: एक वाक्य वाचायचं, पुस्तक मिटायचं, काय झालं ते आपल्या भाषेत सांगायचं. बरेच दिवस तिचा हेल काही जाईना. मी वैतागायचे, ती ओशाळायची. मग एकदा तापाच्या पानावर ती मध्येच थांबली.

"बाई, पोरगी बरी होईल ना?"

"मला काय विचारतेस? पुढे बघ."

त्या दिवशी ती गोष्टीच्या शेवटापर्यंत उठली नाही. आवाज साधा, बोलल्यासारखा. मला इतका आनंद झाला की मी तिच्यासाठी पुन्हा चहा टाकला.

मुलाखतीला दोघं ठेवणीतले कपडे घालून, मळ्यातल्या गुलाबांचा गुच्छ घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी ती एकटीच माझ्याकडे आली.

"नीट वाचलं," म्हणाली. "विचारलं तेवढं सांगितलं. मॅडम हसल्या."

"मग तोंड का असं उतरलंय?"

ती पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, की मोठ्या मॅडम शेजारच्या मॅडमना इंग्रजीतून काहीतरी बोलल्या, यांच्या समोरच, हसत हसत. तिने ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "नाइस पीपल. बट दे कॅनॉट हेल्प द चाइल्ड अ‍ॅट होम. कॉल द नेक्स्ट."

"त्यांना वाटलं, हिला काय कळतंय," ती म्हणाली. "बाई, मला सगळं कळलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उठावं, त्या शाळेत जावं आणि त्या बाईला चार शब्द सुनवावेत असं वाटलं. पण मी एका मराठी शाळेतली मास्तरीण, मला तिथे कोण विचारणार?

"आणि नवरा काय म्हणाला?"

"ह्यांना नाय कळलं. मॅडम हसल्या म्हणजे काम झालं, असंच धरून चाललेत. येताना पेढे घेतले. सासूबाईंनी देवापुढे ठेवले, मग आळीत वाटून झाले. पोरीला पण सांगून बसलेत." तिचे डोळे भरले. "यादी लागायला अजून वेळ हाय. आत्ताच सांगू, का राहू देऊ?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"कळलं नसतं तर बरं झालं असतं, बाई," ती म्हणाली. "मीपण ह्यांच्याबरोबर हसत पेढा खाल्ला असता."